गुडघा बदलला, आता माय म्हणते "वेचाले जातो"

धुऱ्यावरचा | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला. शाळेत नोकरी, घरची साडेचार एकर कोरडवाहू. निम्म्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, निम्म्यात सोयाबीन आणि तूर. प्रश्न मायचा आहे.

माय ६४ वर्षांची. उजवा गुडघा होळीनंतर बदलला, म्हणजे साडेसात महिने झाले. डावाही झिजलेलाच आहे, पण "एक तर करून पाहू" म्हणून एकच केला. त्याआधी चार वर्षं लेप, काढे, गुडघ्यातली इंजेक्शनं सगळं झालं होतं. मागच्या वर्षी पोळ्याला ती बैलाचे पाय धुवायला बसली आणि उठेचना. मी आणि सालदारानं दोन्हीकडून धरून उचलली. सगळी आळी पाहत होती. त्या रात्री तीच म्हणाली, "कर बाबू काय करायचं ते."

आज ती काठीशिवाय चालते. देवळात जाते, वावराच्या धुऱ्यापर्यंत जाऊन येते. रात्रीचं कण्हणं बंद झालं. आता कापूस फुटला. परवा वेचणीआधीची वावरातली पूजा, सीतादही केलं आणि तेव्हापासून एकच धोशा : "मी वेचाले जातो." नाही म्हटलं तर म्हणते, "मले घरात बसवून ठेवाले गुडघा बदलला का तू?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं : मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही, बाकी सगळं करा. पण आमच्या गावात मांडी आणि उकिडवं वजा केलं तर बाकी काय उरतं हेच मला कळेना. चूल, न्हाणी, संडास, निंदण, सोंगणी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, सगळंच जमिनीवर. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा. वेचणीला जाऊ द्यावं का?

चष्मेवाला | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

साधा प्रश्न : मजूर लावा ना. एवढा खर्च करून गुडघा बदलला, तो परत शेतात झिजवायचा कशाला? आता त्यांचं आरामाचं वय आहे.

धुऱ्यावरचा | ३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

चष्मेवाले दादा, मजूर लावलेच आहेत. वेचणीचा भाव किलोवर ठरतो, आणि दिवाळीनंतर सगळ्यांचाच कापूस एकदम फुटतो तेव्हा बाया मिळणं ही वेगळीच कथा. पण पैशाचं सोडा. माय पंधरा-सोळाची असताना या घरात आली तेव्हापासून दर दिवाळीनंतर ती त्या वावरात असते. आळीतल्या चौघी-पाचजणी एका लाइनीत पाती धरतात आणि दिवसभर बोलतात. कोणाची सून कशी, कोणाच्या पोरीचं काय चाललंय, सगळं तिथंच कळतं. ती घरी राहिली तर ओसरीवर एकटी. मागचे सात महिने ती एकटीच होती.

रिटायर्ड कंडक्टर | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

धुऱ्यावरचे भाऊ, मी दारव्ह्याकडचा. ३१ वर्षं एसटीत उभा राहून तिकिटं फाडली, त्यात गुडघ्यांचं पीठ झालं. डावा २०१८ मध्ये बदलला, उजवा २०२१ मध्ये. आज ६९ चालू आहे. रोज पहाटे चार किलोमीटर चालतो, आत्ता चालूनच आलो आणि लिहायला बसलो.

एक, मायले घरी बसवू नका. दोन, मायले सोडूनही देऊ नका. या दोन्हीच्या मधला रस्ता शोधायला मला पहिल्या गुडघ्याला दीड वर्ष लागलं, दुसऱ्याला सहा महिने.

पहिल्या वेळी माझी चूक सांगतो. सगळे म्हणत होते आराम करा, मी केला. उशी गुडघ्याखाली घेऊन झोपायचो, बरं वाटायचं. महिन्याभरात पाय सरळच होईना, टाच टेकली की गुडघा थोडा वाकलेलाच. मग फिजिओवाल्या पोरीनं असा दम दिला की उशी फेकूनच दिली. उशी ठेवायची तर टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. तिनंच जिन्याचा नियम सांगितला : चढताना धडका पाय पुढं, उतरताना ऑपरेशनचा पुढं. एसटीची पायरी किती उंच असते हे मला कंडक्टर असताना कधी कळलं नव्हतं. ते आता कळलं.

सायकल. घरात जुनी सायकल असेल तर मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी राहिलं पाहिजे, सीट चांगली उंच करा, कोणीतरी हँडल धरून उभं राहा आणि पायडल मारू द्या. आधी पूर्ण चक्कर बसत नाही, पुढं-मागं, पुढं-मागं करायचं. ज्या दिवशी पहिली पूर्ण चक्कर बसली त्या दिवशी मी पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत.

पैशाचंही सांगून ठेवतो, कारण दुसरा गुडघा बाकी आहे म्हणता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं आत बसवायच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली. कोबाल्ट-क्रोमचा जो नेहमीचा सांधा, तो आधी दीड लाखाच्या वर जायचा, तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. नंतर आकडे थोडे हलले असतील. पण दवाखान्यानं बिलात सांध्याची किंमत, कंपनी, बॅच नंबर वेगळा दाखवला पाहिजे. त्याचं स्टिकर फाइलला लावलेलं असतं, ते जपून ठेवा. पुढं कधी काही झालं तर डॉक्टर पहिलं तेच विचारतो. सरकारी योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

वऱ्हाडी ठेचा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

कंडक्टर काका, उशीची गोष्ट वाचून हसले आणि रडले. आमच्या घरीही तीच उशी होती :)

माझ्या सासूबाई, अकोट तालुका, ६७ वय, दोन्ही गुडघे एकदमच. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, पण घरात काय बदलायचं ते कोणी सांगत नाही. ते आम्हीच ठोकरा खात शिकलो.

संडास : गावात बसकाच असतो. आधी मेडिकलमधून कमोडची खुर्ची आणली, खाली भोक असलेली, चार पायांची. ती बसक्या भांड्यावर ठेवायची. पाय ओल्या फरशीवर सरकू नयेत म्हणून खाली रबराचे बूच आहेत ना, ते तपासा. सहा महिन्यांनी आम्ही इंग्लिश भांडंच बसवून घेतलं आणि भिंतीला लोखंडी दांडा ठोकला. दांडा खरा उपयोगाचा. बाज : आमची बाज झोळीसारखी खाली गेलेली, तिच्यातून उठणं म्हणजे विहिरीतून निघणं. लाकडी पलंग दिला, त्याच्या पायांखाली विटा ठेवल्या. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल, बादली दुसऱ्या स्टुलावर.

स्वयंपाक. हे सगळ्यात अवघड गेलं. सासूबाई म्हणायच्या, उभ्यानं थापलेली भाकर भाकर नसते. शेवटी ओसरीवर कमरेइतका ओटा बांधून घेतला, वर गॅस, शेजारी परात. आता तिथंच थापतात. चुलीवरची वांग्याची भाजी मात्र मीच करते आणि त्या उंच स्टुलावर बसून सूचना देतात. म्हणजे आमच्यात काहीच बदललं नाही.

शेजारच्या बाया यायच्या आणि म्हणायच्या, "अवं बाई, खुर्चीवर बसून जेवते, मेमसाब झाली का वं?" सासूबाई चिडून खाली बसायला जायच्या. धुऱ्यावरचे दादा, गुडघा सांभाळायचा म्हणजे हे तोंडंही सांभाळायला लागतात. प्रार्थनेचं म्हणाल तर आमच्या इथे मंडळानं मागच्या बाजूला चार खुर्च्या ठेवल्या. आधी एकट्या सासूबाई बसायच्या. आता जागा मिळवायला भांडणं होतात. गावात दुखरे गुडघे किती होते ते तेव्हा कळलं.

तूरडाळ | ४ नोव्हेंबर, सायं. ७:५०

सगळ्यांचं गोडगोड वाचून जरा कडू लिहितो. माझ्या वडिलांचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालं, कुठे ते सांगत नाही. चौथ्या दिवशी घरी पाठवलं, कागदावर दोन ओळी : "व्यायाम करा, १४ दिवसांनी टाके." कुठला व्यायाम, किती वेळा, कोण करून घेणार? गावापासून फिजिओ ३८ किलोमीटरवर. गावातला एक मालिशवाला आला, गरम तेलानं रगडायला लागला. पोटरी सुजली होती, आम्हाला वाटलं मालिशनं उतरेल. माझा मामेभाऊ नर्स आहे, त्यानं फोनवर ऐकलं आणि ओरडलाच : पोटरीत रक्ताची गाठ असेल तर रगडून ती फुप्फुसात जाऊ शकते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. गाठच होती. वाचले.

पण त्या गडबडीत व्यायाम राहिला, गुडघा ७० अंशांवर अडकला. बेशुद्ध करून वाकवून द्यावा लागला. आता ९५ पर्यंत वाकतो. खुर्चीतून हातानं जोर दिल्याशिवाय उठता येत नाही. वडील वखर धरायचे, आता धुऱ्यावर उभं राहून सालदाराला शिव्या देतात. दुखणं गेलं हे खरं, पण "नवा गुडघा, नवं आयुष्य" असं जे बॅनरवर लिहितात ना, ते वाचलं की डोकं फिरतं.

सांधेजोड | ५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मी अमरावतीला फिजिओथेरपिस्ट आहे. तूरडाळ, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि नवल नाही वाटलं. ऑपरेशन दीड तासाचं असतं, त्यानंतरचे तीन महिने खरे. ते तीन महिने गावात कोणाच्या हातात असतात? सुनेच्या, नाहीतर मालिशवाल्याच्या.

धुऱ्यावरचे, आता तुमचा प्रश्न. आईंना न तपासता लिहितोय, तेव्हा शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचा.

आधी अंशांचं समजून घेऊ, कारण सगळं तिथं अडतं. सपाट चालायला गुडघा ६५-७० अंश वाकला तरी पुरतो. जिन्याला ८५-९०, खुर्चीतून नीट उठायला ९०-९५. उकिडवं बसायला १३० च्या वर लागतात. नेहमीचा बदललेला गुडघा बहुतेकांचा ११० ते १२० पर्यंत येतो. म्हणून डॉक्टर उकिडवं नको म्हणतात. आधीपासून चांगला वाकणारा गुडघा असेल तर काहीजण मांडीही घालतात, पण मांडीत किंवा खोल उकिडव्यात आतल्या प्लास्टिकच्या चकतीवर कडेनं भार येतो. त्या प्लास्टिकवर सगळा खेळ आहे. वरच्या हाडाला धातूची टोपी, खालच्या हाडाला धातूचा ताट आणि मधे पॉलिथिलीन. झिजतं ते पॉलिथिलीन. किती वर्षं टिकतं? २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात परदेशातल्या मोठ्या नोंदींवरून आलं होतं की पूर्ण बदललेले साधारण ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. ते आपल्या काळ्या जमिनीवरचे आकडे नाहीत, पण "दहा वर्षांत झिजतो" ही जी भीती गावात असते ती फार जुनी आहे.

आता वेचणी. मला नेहमी गंमत वाटते, लोक "शेतकाम" म्हणून एकच शब्द वापरतात. निंदण म्हणजे तासन्‌तास उकिडवं, विळा घेऊन सरकत सरकत. ते नको. सोयाबीनची सोंगणी नको. हरभरा उपटणं नको. पण वेचणी उभ्यानं होते! पऱ्हाटी कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत. वरची आणि मधली बोंडं वेचायला गुडघा फारसा वाकतच नाही. पाठ वाकते, ते वेगळं. म्हणून तुमच्या आईंना निंदणाला जाऊ दिलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. वेचणीला अटी घालून हो म्हणेन.

अटी. खालची बोंडं त्यांनी सोडायची, शेजारच्या पातीवालीनं घ्यायची. ओटीत दोन-अडीच किलो झाला की ओटी रिकामी करायची. गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत जाणं पूर्ण बंद. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत डोक्यावर ओझं असताना पाय भेगेत गेला तर नव्या गुडघ्याच्या वरचं हाड मोडू शकतं आणि ते जोडणं फार कठीण असतं. पायात बंद बूट, चप्पल नाही. सुरुवात तासाभरानं करा, तेही सकाळी. संध्याकाळी गुडघा थोडा गरम आणि सुजलेला वाटेल. नव्या गुडघ्याला वर्षभर थोडी ऊब राहते, घाबरू नका. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल. दुसऱ्या सकाळी सूज पूर्वीइतकी उतरली तर वेळ तेवढाच ठेवून आठवडाभर जाऊ द्या, मग अर्धा तास वाढवा. उतरली नाही तर तुम्ही जास्त केलं.

आणि काटा. हे मी प्रत्येक शेतकरी पेशंटला सांगतो. बाभळीचा काटा, टाचेच्या भेगा, नखाजवळची जखम, दातातला पू. आपल्याकडे यांना कोणी मोजत नाही. पण रक्तातून जंतू जाऊन धातूच्या सांध्यावर बसले तर सगळा गुडघा काढायची वेळ येते. काटा रुतला तर सुईनं कोरत बसू नका, धुवा, औषध लावा, लाल झालं की डॉक्टर. रोज रात्री टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलिन. आणि साखर आहे का त्यांना?

तूरडाळ, तुमच्या वडिलांचे ९५ अंश आता फार वाढणार नाहीत, पण मांडीचा स्नायू वाढेल. हातानं जोर न देता उठता येत नाही याचं कारण बहुधा स्नायू आहे. दोन किलो तूर एका लांब कापडी पिशवीत शिवा, घोट्यावर टाका, ओसरीच्या ओट्यावर पाय लोंबकळत बसवा आणि पाय सरळ करून मनात पाच मोजून खाली. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखलं तर एक किलोनं. मग खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच करा, हात छातीशी बांधून उठ-बस. आठवड्यानं एक उशी काढा. दीड वर्ष झालं म्हणून सोडू नका.

तूरडाळ | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

सर, तूर तर घरचीच आहे. आजच शिवतो.

नंदीबैल | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

माझ्या आजीचा गुडघा वाजतो, टक्‌ टक्‌, खुर्चीतून उठताना. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. ती म्हणते आत स्क्रू ढिला झाला. शेजारचे म्हणतात आत लोखंड आहे, पावसाळ्यात गंजेल. :D

सांधेजोड | ६ नोव्हेंबर, दुपारी २:४५

धातू-प्लास्टिक एकमेकांना लागलं की आवाज येतो. दुखत नसेल, सूज नसेल तर काही नाही. गंजत नाही, आजीला सांगा. बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते ना, तेही ऑपरेशनचंच. काहींची कमी होते, काहींची तशीच राहते.

रिटायर्ड कंडक्टर | ६ नोव्हेंबर, सायं. ५:३०

बधिर कातडीवरून आठवलं. धुऱ्यावरचे भाऊ, मायले पडल्यावर उठायचं कसं ते शिकवा. पडू नये हे सगळे सांगतात, पडल्यावर काय ते कोणी सांगत नाही. मी शिकलो : कुशीवर वळायचं, सरकत सरकत पलंग नाहीतर दगडापर्यंत जायचं, धडका गुडघा टेकायचा, हात वर ठेवायचे, ऑपरेशनचा पाय पुढं घेऊन उठायचं. वावरात कोणी नसेल तर आधी ओरडायचं, मग उठायचं. मोबाइल ओटीत नाही, पोलक्याच्या खिशात.

वऱ्हाडी ठेचा | ६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

काका, पण मायचा दुसरा गुडघाही झिजलेला आहे ना? धडका गुडघा कुठून आणायचा?

रिटायर्ड कंडक्टर | ६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

बरोबर धरलं बाई तुम्ही. मग दोन हातांवर जास्त भार आणि जवळ कोणीतरी पाहिजेच.

धुऱ्यावरचा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:००

मंडळी, सगळं मायला वाचून दाखवलं. 'काळ्या जमिनीवरचे आकडे नाहीत' ऐकून म्हणाली, "हा माणूस वावरात गेलेला दिसतो."

आज रविवार, मी सोबत होतो. शाळेच्या पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट आर्वीहून आणले. आधी घालायला तयार नव्हती, लुगड्याखाली बूट म्हणजे गावभर हसू. मग भानामावशीनं स्वतःच्या भेगाळलेल्या टाचा दाखवल्या आणि म्हणाली, "घाल वं, मलेही आणून दे म्हणा तुह्या पोराले." मावशीच्या मापाचे बूट आणायचे आहेत आता.

साडेआठला सुरू, पावणेदहाला मी हाक मारली. आली नाही. दहाला परत हाक. तेव्हा आली, चिडून. वजन केलं, साडेचार किलो. पूर्वी ती दिवसाचा चाळीस किलो वेचायची, ते ती मला तीनदा ऐकवून चुकली. खालची बोंडं भानामावशी घेत होती आणि प्रत्येक बोंडाला टोमणा मारत होती. पण त्या दोघी सव्वा तास सलग बोलत होत्या. कशाबद्दल ते मला कळलं नाही, मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या.

संध्याकाळी गुडघा थोडा गरम होता. माठाचा टॉवेल ठेवला. डावा मात्र उजव्यापेक्षा जास्त दुखतोय. साखर आहे, सर. गोळी चालू आहे, पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी बरेच दिवस केली नाही. या आठवड्यात करतो.

झोपायच्या आधी तिनं विचारलं, "दुसरा कधी करायचा? कापूस विकल्यावर का तूर विकल्यावर?"

सांधेजोड | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आधी साखरेचा रिपोर्ट. आकडा आला की इथेच टाका. तूर निघेपर्यंत तो खाली आणायला वेळ आहे.